आधी कंदील सोडा

बोलपट यायच्या आधी सोलापुरात सिनेमा बोलत नसे, मी बोलत असे.

पडद्यावर चित्रं हलत, मधेच लिहिलेली पाटी येई, आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायला पडद्याच्या कडेला मी उभा असे. सगळे मला मास्तर म्हणत. विलायती खेळ असला की पाट्या इंग्रजीत. मी इंग्रजी चौथीत दोनदा बसलो होतो, त्यामुळे माझं इंग्रजी एकदाच बसलेल्यांपेक्षा दुप्पट पक्कं होतं. आवाजाचं म्हणाल, तर भवानी पेठेत मी नुसता खाकरलो तरी गिरणीतले कामगार पाळी सुटली असं समजून फडकी बांधायला लागत. एका खेळात मी 'थांब, दुष्टा!' असं ओरडलो, तर बाहेर रस्त्यावरून जाणारा टांगा थांबला आणि घोड्यानं पुढं दोन दिवस पाय उचलला नाही. तो टांगेवाला आता हयात नाही. असता, तर त्यानं नाही म्हटलं नसतं.

आमचं थेटर म्हणजे मूळचं सरकीचं गोदाम. चारी बाजूंना पत्रा, वर पत्रा, खिडकी एकही नाही, कारण सरकीला बाहेर बघायची हौस नसते. मालकांनी त्यात बाकं मांडली, एका अंगाला पांढरं कापड ताणलं, मागच्या अंगाला यंत्राची केबिन केली आणि झालं थेटर. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर भाकरी टाकली तर उलटायची गरज पडत नसे. एक बाजू भाजली की ती आपण होऊन कूस बदली.

रोजच्या खेळाला बायका मागं गोषाच्या पडद्याआड बसत आणि त्यांना पुढच्यांची पागोटी तेवढी दिसत. म्हणून मालकांनी त्या थंडीत एक नवी गोष्ट काढली. दर शनिवारी दुपारी अख्खं थेटर बायकांचं. दारावर बाई, आत बायका. पुरुष म्हणून केबिनमधला यंत्रवाला चाचा, पेटी वाजवणारा आणि मी, एवढेच. आणि पेटीवाल्याला आणि मला कापडाचा आडोसा, म्हणजे आम्ही त्यांना दिसू नये आणि त्या आम्हाला.

माझ्या बायकोचा जीव त्या शनिवारात होता. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, पण मला डोळे होते. आमची खोली आठ हात लांब आणि सहा हात रुंद. तीत चूल, रांजण, वळकटी, मी आणि माझा आवाज. पुढच्या घरात माझ्या चुलत्यांचे माग. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत ती त्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरी. विहिरीवर जाणं सोडलं तर उंबरा ओलांडायचं कारण तिला शनिवारीच मिळे. शुक्रवारपासूनच तिचं चालणं बदलायचं. चुलती आणि शेजारची विणकराची तेलुगू बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, या दोघींना घेऊन ती अशी निघायची, जणू तिघी मिळून किल्ला जिंकायला चालल्यात.

पण चैत्र लागला आणि शनिवारावर संकट आलं. झालं असं की एका पौराणिक खेळात राक्षसानं तोंड उघडलं आणि पुढच्या बाकावरची एक बाई घाबरून जी पळत सुटली ती थेट तळ्यापाशी जाऊन थांबली. काही लोक म्हणतात दारापाशीच थांबली. असो. गोष्ट माझ्या चुलत्यांच्या कानावर गेली. चुलते म्हणजे आमच्या आळीतला शेवटचा शब्द. ते थेटरात येऊन मालकांना म्हणाले, "हे बघा, आमच्या बायाबापड्या इथं येतात त्या चार घटका करमणुकीला. घाबरायला नाही. येत्या शनिवारी मी स्वतः बाहेर बसणार. एक बाई जरी घाबरून बाहेर आली, तर आमच्या आळीची एकही बाई पुन्हा इथं यायची नाही. आणि आमची आली नाही तर दुसऱ्या आळीची येईल का, हे तुम्हीच बघा."

मालकांनी मान डोलवली. त्या शनिवारी संतचरित्राचा खेळ ठरला होता. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, झोप आवरली म्हणजे झालं.

शुक्रवारी सकाळी रेल्वेनं रिळांची पेटी आली. उघडली, तर संत नाहीत. भलताच विलायती खेळ! पाठवणाऱ्यानं पेट्यांची अदलाबदल केली होती. दुसरी पेटी मागवायला वेळ नाही. "आधी बघून तरी घेऊ," असं म्हणत मालक गल्ल्यापाशी जाऊन बसले आणि बघायला मला बसवलं.

सात रिळांचा खेळ. त्यातली सहा रिळं एकाच तळघरात. एक जुना बंगला, त्यात एक काका आणि त्याची पुतणी. पहिल्या रिळात काका पुतणीला जमिनीतल्या झडपेतून खाली तळघरात ढकलतो आणि वरून झडप लावतो. मग ती आणि चार भिंती. ती भिंती चाचपते. हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं की छत खाली येतंय. पुढं भिंतीमागून कुणाचा तरी श्वास. दगडाच्या फटीतून बाहेर येणारी बोटं. खोटं कशाला सांगू, मी अजिबात घाबरलो नाही. फक्त पहिल्या बाकावर बसलो होतो तो, बोटं आली तेव्हा, केबिनमध्ये होतो.

चाचा म्हणाला, "मास्टर, मेरे पाँव पो खड़े हैं तुम."

खेळ संपल्यावर मालकांनी विचारलं, "काय मास्तर, कुटुंबानं बघण्यासारखा आहे का?"

"कुटुंबाचाच आहे की मालक. काका आहे, पुतणी आहे."

"आणि?"

"आणि काकानं पुतणीला पुरलंय."

मालकांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळले. "मास्तर, पाट्या इंग्रजीत आहेत ना?"

"हो."

"मग त्यांत काय लिहिलंय हे सोलापुरात तुमच्याशिवाय कुणाला कळतंय?"

मला त्यांचा डाव कळला आणि खरं सांगायचं तर आवडलाही. चित्र बदलता येत नाही, पण गोष्ट माझ्या तोंडात होती. मी दुपारभर बसून नवी गोष्ट लिहिली. पुतणी ही कोंडलेली नाही, ती व्रतस्थ आहे. एकांतात अनुष्ठानाला बसली आहे. भिंतीमागं भूत नाही, ऋषी आहे. काका दुष्ट नाही, तो पुतणीची तपश्चर्या मोडू नये म्हणून झडप लावतो. एवढी पुण्यवान गोष्ट विलायतेत आजवर झाली नसेल.

मालकांनी स्वतःकडूनही एक बंदोबस्त केला. एरवी रीळ बदलताना चाचाला थोडा वेळ लागे, तेवढ्यात दारं उघडत, बायका पदरानं वारा घेत. मालक म्हणाले, "उद्या दारं उघडायचीच नाहीत. आतून आडणा लावायचा आणि दारावरच्या बाईनं त्याच्यापुढं फतकल मारून बसायचं. बाई बाहेर आलीच नाही, म्हणजे ती घाबरली नाही. आणि फटींवर गोणपाटं डबल मारा. उजेड आला तर खेळ फिका दिसतो." मला यात काही वावगं वाटलं नाही. चौथीत दोनदा बसलेल्या माणसाला सगळंच सुचायला हवं असं नाही.

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती.

"उद्या कुटला खेळ हाय?"

"देवाधर्माचा. व्रताचा महिमा."

तिनं एकदा वर बघितलं. "मग टोपी उलटी का घातलीया?"

शनिवारी गर्दी अशी झाली की काय सांगू. बायकांच्या खेळाची परीक्षा आहे ही बातमी आळीआळीत गेली होती. तीनशे बायका तरी असतील. मला विचाराल तर नऊशे, पण तीनशे धरू. चुलते थेटरासमोरच्या लिंबाखाली बाज टाकून बसले. शेजारी मालक, खुर्चीच्या अर्ध्या भागावर. माझी बायको आत जाताना चुलत्यांसमोर पदर पुढं ओढून गेली आणि माझ्या आडोशापाशी क्षणभर थांबली. हळूच म्हणाली, "जे असंल ते नीट वाचा. आजचा दिस गेला तर मग खोलीच."

माझी बायको बार्शीकडच्या एका गावची. तिचा बाप पेवं उपसायचा. पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा मोठा खड्डा. तोंड लहान, पोट मोठं, आत ज्वारी भरायची आणि वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष, दोन वर्षं धान्य आत राहतं आणि आतली हवा मरते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर पुन्हा थांबायचं. आमच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. न थांबता उतरलेल्यांची नावंही प्रत्येक गावाला पाठ. हे मी आत्ता सांगतोय, पण त्या दिवशी ते मला आठवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दारं लागली. आडणा पडला. दारावरच्या बाईनं त्याच्यापुढं बैठक मारली. पेटीवाल्यानं सूर धरला. आडोशाआड माझ्या हातात लिहिलेला कागद आणि तो वाचायला एक लहान कंदील.

काकानं पुतणीला खाली ढकललं. पाटी आली. मी गर्जलो, "धन्य ती मुलगी! जगाचा मोह सोडून ती पाताळात अनुष्ठानाला बसली!"

अंधारातून चुलतीचा आवाज आला, "मडमा बी उपास करत्यात व्हय गं?"

"करत असत्याल की," माझी बायको म्हणाली. "वाळलीया बगा किती."

माझ्या जिवात जीव आला. पलीकडं तेलुगू बायकांच्या बाकांवर अक्का माझं वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती. माझं एक वाक्य तिच्याकडं जाईपर्यंत पाच होई. मला तेलुगू येत नाही, पण तिच्या सांगण्यात दोनदा 'दय्यम' ऐकू आलं, आणि दय्यम म्हणजे भूत एवढं तर सोलापुरात भिंतींनाही कळतं. मी भुताचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं. मी आवाज चढवून म्हणालो, "इथं भूत नाही! लक्षात ठेवा, भूत नाही!" त्यामुळं ज्यांना भुताचा पत्ता नव्हता त्यांनाही तो लागला.

दुसरं रीळ. पुतणी भिंती चाचपत फिरते आहे, छत अंगावर येतंय, पेटीवाला काळी दोनच्या पट्टीखाली उतरायला तयार नाही. माझ्याच अंगावर काटा आला. तेवढ्यात बायको म्हणाली, "आगं, आमच्या खोलीच्या दुप्पट जागा हाय! आन रडती कशापायी?"

थेटरभर हशा पिकला. "चूल बी न्हाई मदी," कुणीतरी म्हणालं. "नवरा बी न्हाई," दुसरी म्हणाली. "सुकाचं हाय बया हिचं!" तळघरात कोंडलेली ती गोरी मुलगी टाहो फोडत होती आणि सोलापूरच्या बायका तिचा हेवा करत होत्या. मी मनात म्हटलं, जिंकलं.

तिसऱ्या रिळात भिंतीतून बोटं आली. मी ऋषींचा जयजयकार केला. इथं थेटर थोडं गप्प झालं. मला तेव्हा वाटलं, भक्तीनं. आता वाटतं, श्वास पुरवून वापरायला लागल्या असाव्यात. रीळ बदलताना एरवी दार उघडे, ते उघडलं नाही. कुणीतरी म्हणालं, "दार उगडा की." दारावरची बाई म्हणाली, "मालकांचा हुकूम हाय." पत्रा तापून कडकड वाजत होता. आडोशाआड माझा सदरा अंगाला असा चिकटला होता की तो माझा की कातड्याचा हे सांगणं कठीण.

चौथ्या रिळात पुतणीचा होणारा नवरा बंगल्यात येतो. शोधत शोधत त्याला झडप सापडते. कित्येक दिवसांची बंद झडप तो उचलतो, मेणबत्ती हातात घेतो आणि सरळ शिडीवरून खाली उतरायला लागतो.

आणि थेटरात एकदम गलका उठला.

"आरं ए! उतरू नगंस!"

"वाफ जाऊ दे आदी!"

"मुडद्या, कंदील सोड की दोरीनं!"

"मरतंय बया ते! आईला येकच असंल!"

मी थक्क झालो. भिंतीतून बोटं आली तेव्हा ज्या हलल्या नाहीत, त्या शिडीवरून उतरणारा एक धडधाकट तरणा गडी बघून उभ्या राहिल्या होत्या. मी कागदावरचं वाचलं, "वीर निर्भयपणे पाताळात उतरतो!"

"निर्बय कसला, येडा हाय!" हा आवाज माझ्या बायकोचा. "बंद पेवात असं कुनी उतरतं व्हय?"

तेव्हा मला पेव आठवलं. त्या बायकांना तळघर दिसतच नव्हतं. पहिल्या रिळापासून त्या पेव बघत होत्या. वरून झडप, आत अंधार, लहान तोंड. भूतबीत त्यांना पोरखेळ वाटला होता. पण उघडल्याबरोबर पेवात उतरणारा माणूस त्यांनी खरा पाहिलेला होता, किंवा आईकडून ऐकलेला होता.

पडद्यावर मेणबत्ती फडफडली आणि विझली. सगळा पडदा काळा. काळ्या पडद्यामुळं थेटरही ठार काळं. पाटी आली, 'अंधार!' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द. मी धीर करून म्हणालो, "आता अंधारात देव प्रसन्न होणार!"

कुणी हसलं नाही. लांबून एक म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, "माजा जीव गुदमरतोय गं."

मग दुसरी म्हणाली. मग तिसरी. अक्काच्या बाकांवरूनही तेच, तेलुगूत. आता एकीनं किंकाळी फोडली असती की तीनशे जणी दाराकडं धावल्या असत्या, बाकांवर पडल्या असत्या, आणि दाराला आडणा होता. बाहेर चुलते त्याचीच वाट बघत बसले होते. मी तोंड उघडलं, पण सोलापूरचा मोठ्यात मोठा आवाज बाहेर येईना.

तेवढ्यात अंधारात माझी बायको बोलली. घरात हिचा आवाज चुलीच्या पलीकडं जात नसे. त्या दिवशी तो थेटरच्या चारी भिंतींपर्यंत गेला, आणि ती ओरडलीसुद्धा नाही.

"कुनी उटू नगा. बसा हाय तितं. मास्तर!"

चारचौघींत ती मला आणखी काय म्हणणार? मी म्हणालो, "काय?"

"तुमच्या कंदिलाची वात बगा. कशी हाय?"

मी बघितलं. मघाशी बोटभर असलेली ज्योत जवसाच्या दाण्याएवढी झाली होती. पेटीवाला नंतर म्हणत होता की तेलच संपत आलं होतं. पेटीवाल्यांवर फार विश्वास ठेवू नये.

मालकांचा हुकूम मला आठवला. चुलते आठवले. 'ठणठणीत आहे' म्हणायला मला काय लागत होतं? दुपारभर मी तेच करत होतो. पण बायकोनं विचारलं होतं ते पाटी वाचणाऱ्याला नव्हे, पेवाच्या तोंडाशी उभं राहून आत कंदील सोडणाऱ्याला. तिथं कुणी खोटं बोलत नाही.

"बारीक झालीया," मी म्हणालो.

"आयकलं न्हवं?" ती म्हणाली. "हितं भूत न्हाई आन देव बी न्हाई. हवा न्हाई. म्हनून जीव घाबरतोय. दारापासल्या बाया आदी निगतील, मग मागच्या. म्हाताऱ्यांना हात द्या. अक्का, तुमच्याकडं सांगा." अक्कानं या वेळी पाचाचं एकच वाक्य केलं. मग बायको दाराशी गेली. दारावरची बाई म्हणाली, "मालकांचा हुकूम..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण बायकोनं तिला दोन्ही काखांत हात घालून ज्वारीच्या पोत्यासारखं उचललं आणि बाजूला ठेवलं. ती बाई वजनानं किती होती हे मी सांगणार नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

आडणा निघाला. दारं उघडली. भसकन असा वारा आत आला की पडदा फुगला. बायका रांगेनं बाहेर आल्या. एकही पडली नाही.

लिंबाखाली चुलते उठून उभे राहिले होते. "बघा!" ते मालकांना म्हणाले. "एक म्हटलं होतं मी. सगळ्याच्या सगळ्या आल्या!"

मालकांनी डोळे मिटले. बायको एकदम मागं सरली आणि पदर पुढं ओढून उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. शनिवार संपला, हे तिच्या खांद्यांवर दिसत होतं.

पण चुलती पुढं आली. "घाबरून न्हाई आलो. वारं घ्यायला आलो."

"वारं?"

"व्हय. ही सांगंल." आणि तिनं बायकोकडं बोट केलं.

आता पंचाईत अशी की सून चुलत सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. चुलते दोन हातांवर उभे, पण बायकोनं तोंड चुलतीकडं केलं. "आत्याबाई, मामंजींना सांगा, खेळ लेकराबाळांनी सुदिक बगावा आसा हाय. जागा तशी न्हाई."

चुलती चुलत्यांना म्हणाली, "ती म्हनती..."

"ऐकलं मी," चुलते म्हणाले. "तिला विचार, जागेला काय झालं?"

"मामंजींना सांगा, पेव हाय ते. वरनं बंद, खालनं बंद. मान्सं भरली आन लिंपून टाकलं. एकदा आत जाऊन बगावं त्यांनी."

चुलते पागोटं सारखं करून आत गेले. दारं उघडून थोडा वेळ झाला होता, तरी आत कोपऱ्याकोपऱ्यात तीनशे जणींचा उष्मा साठलेला होता. चुलते पडद्यापर्यंत गेले असतील नसतील, परत आले ते पागोटं हातात घेऊन. झपझप आले. कुणी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "वारं घ्यायला आलो."

चुलती तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली.

बराच वेळ गेल्यावर बायकोनं माझ्याकडून कंदील घेतला, तेल घातलं, पेटवला आणि दारावरच्या बाईच्या हातात देऊन तो आत, पार पडद्याच्या पायथ्याशी ठेवायला लावला. सगळ्या जणी आणि आम्ही पाचही पुरुष दारातून त्या ज्योतीकडं बघत उभे. इतक्या एकचित्तानं सोलापुरात कुणी कुठलाच खेळ पाहिला नसेल. ज्योत सरळ उभी राहिली. "चला," बायको म्हणाली.

उरलेली तीन रिळं एक दार उघडं ठेवून झाली. चित्र ताकासारखं पांढुरकं दिसत होतं, पण तक्रार कुणाचीच नाही. चुलते त्या दारात, अर्धे आत अर्धे बाहेर, बाजेवर बसले. आणि एक चमत्कार सांगतो. शुक्रवारी मी शेवटची दोन रिळं डोळ्यांवर हात ठेवून बघितली होती, त्यामुळं भिंतीमागं कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं. भिंत फुटली आणि आतून निघाला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, पुतणीचा बाप, वर्षानुवर्षं कोंडलेला. दाढी बेंबीपर्यंत. अगदी ऋषी! मी खोटं बोललो होतो ते विलायतेनं खरं करून पाठवलं. तीनशे हात कपाळाला लागले. दारात चुलत्यांचाही लागला.

जाताना चुलते मालकांना एवढंच म्हणाले, "वर, पत्र्याखाली, दोन्ही भिंतींना झरोके पाडा. गोणपाटाचे पडदे लावा, रीळ बदलताना वर करायचे. दारं प्रत्येक रिळाला उघडायची. आणि तो कंदील..." ते थांबले. मग माझ्या बायकोकडं न बघता म्हणाले, "तो दर शनिवारी कुणीतरी आधी आत नेऊन बघत जावं. ज्याला कळतं त्यानं."

पुढच्या शनिवारपासून बायको तिकडं सगळ्यांच्या आधी जायला लागली, हातात कंदील घेऊन. घरून निघताना आता ती कुणासाठी थांबत नसे.

त्या संध्याकाळी मात्र ती भाकरी थापत होती आणि मी वळकटीला टेकून बसलो होतो. मी म्हटलं, "बघितलंस ना, शेवटी ऋषीच निघाला."

"व्हय की. रुषी बूट घालत्यात व्हय?"

मी टोपी सरळ केली.

"आन येक सांगू का?" ती तव्याकडंच बघत म्हणाली. "हवा कमी पडली ती समद्या बायांनी न्हाई संपवली. निम्मी तुमीच वडून घेत हुता."

यावर मी बराच विचार केला. हिशेब जुळत होता. त्या शनिवारनंतर बायकांच्या खेळाला मी पाट्या हळू वाचायला लागलो. इतक्या हळू, की फक्त अक्कलकोटपर्यंत ऐकू जाई.